मु. पो.

फॉर्मच्या सातव्या पानावर विचारलंय
गेल्या दहा वर्षांत कुठं कुठं राहिलात,
महिन्यामहिन्याचा हिशेब द्या,
मधे फट ठेवू नका.

फट ठेवलेली नाही मी.
सेलम, पुणे, मग विनिपेगमधली तीन तळघरं,
तिसऱ्यात हीटर धड चालायचा.
अडलोय फक्त एका ओळीपाशी:
कायमचा पत्ता.

मु. पो. लेंगरे, ता. खानापूर, जि. सांगली.
शाळेच्या दाखल्यापासून हेच लिहीत आलोय.
आज पहिल्यांदा त्या 'मु.'वर पेन थांबलं.
मु. म्हणजे मुक्काम.
आमच्या भाषेत कायमच्या पत्त्याची सुरुवातच
रात्रीपुरतं पथारी टाकण्यानं होते.

अप्पा सोळाव्या वर्षी सेलमला गेले,
चुलत्याच्या गलाईच्या दुकानात.
जाताना कुणाकडे अर्ज केला नव्हता.
तमिळ भट्टीपाशी शिकले,
आधी आकडे, मग शिव्या,
मग उधारी मागायची गोड भाषा.
सराफांच्या दुकानांतली झाडलोट विकत घ्यायचे,
पोत्यानं धूळ,
ती जाळून, धुऊन, तेजाबात घालून
गुंजभर सोनं काढायचे.
बोटांची टोकं पिवळी पडली ती पडलीच.
आधारच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नाही.

माझी दहाही बोटं
तिकडच्या यंत्रानं एका दमात घेतली.
फोनवर सांगितलं तर म्हणाले,
मग तू आजवर काम काय केलंस?

गुण आले चारशे एक्क्याऐंशी.
वयाचे, पदवीचे, इंग्रजीचे.
अप्पांनी विचारलं, टंच किती म्हणायचा?
म्हटलं, हजारात नाही, बाराशेत मोजतात.
'तांबं बरंच दिसतंय,' म्हणाले.
तमिळला गुण नव्हते.
मराठीला एक रकाना होता, मातृभाषा,
तो भरायचा आणि पुढं जायचं.

आता पोलिसांचा दाखला हवा, म्हणून आलोय.
हवालदार मुलाणी विट्याहून मोटारसायकलवर आले,
पायरीवर बसले, पाणी प्याले,
म्हणाले, दोन शेजारी बोलवा, तुम्हाला ओळखणारे.
गल्लीत आमच्या अकरा बंगले.
नवांना कुलूप.
कटक, जालंधर, कोइमतूर, एक तर पार नेपाळच्या हद्दीला.
जत्रेला चार दिवस उघडतात,
रंग मात्र दर दोन वर्षांनी.

हिंदुरावकाका आले बनियनवरच.
'वळखता का ह्यास्नी?'
काकांनी मला बघितलं, मग दाराला.
'कुलूप वळखतो,' म्हणाले,
'दर पावसाळ्याआधी त्येल घालतोय त्येला मीच.
पंधरा वर्सं झाली.'
मुलाणींनी मान न उचलता लिहिलं:
सदर इसमास पंधरा वर्षांपासून ओळखतो.
वर्तणूक चांगली.

दुसरी सही छबुताईंची.
पिठाचे हात पदराला पुसत आल्या,
कागद उलटासुलटा बघितला,
'कायमचा आलास व्हय रं?'
म्हटलं, नाही ताई, कायमचं तिकडचं...
पुढचं वाक्य जुळेना.
त्यांनी सही केली,
'छ'ची शेपटी रकान्याबाहेर गेली.

रात्री सेलमहून फोन.
दाखल्याचं काम झालं का, एवढंच.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
तिकडचा की इकडचा कळेना.
मग म्हणाले, किल्ली हिंदुरावकडं दे,
आणि जाताना विट्यातनं
तेलाची एक बाटली आणून ठेव त्याच्याकडं,
शिलाई मशीनचं आण,
ते सुकत नाही लवकर.